दिवे कोण लावणार?

डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला. 'सारथी' संस्थेकडून ही वृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या दोनशेवर का रोखली, अशी विचारणा झाली असता एका ज्येष्ठ मंत्र्याने उलट प्रश्न केला, की पीएच.डी. करून ही मुले असे कोणते दिवे लावणार आहेत? सभागृहात आणि बाहेर काही दिवस गदारोळ झाला. मग, आपल्याकडे होते तसे, सारे शांत झाले.

मला त्या मंत्रिमहोदयांविषयी तितकासा राग नाही. ते निदान उघड बोलले. आपल्यातले कितीतरी सुशिक्षित, सुस्थितीतले लोक हेच मनात बाळगून असतात. गरिबाच्या मुलाने पदवी घ्यावी, एखादी नोकरी धरावी, आईबापांना हातभार लावावा; याला आपण कौतुकाने मान डोलावतो. पण त्याच मुलाने 'मला अजून पाच वर्षे शिकायचे आहे, मला संशोधन करायचे आहे' असे म्हटले, की आपल्या कपाळावर आठ्या चढतात. शिक्षण हे पोट भरण्यापुरते असावे, विचार करण्यापुरते नव्हे, असा हा न लिहिलेला नियम आहे. आणि तो फक्त काहींनाच लागू आहे. डॉक्टरांच्या मुलाने परदेशात जाऊन पुराणवस्तुशास्त्राचा अभ्यास केला तर ती घराण्याची शोभा. कातकरी मुलाने तेच केले तर ती चैन!

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांपैकी जवळजवळ ७९ टक्के पदवीच्या वर्गात होते, पदव्युत्तर वर्गात १२ टक्के, आणि पीएच.डी. करणारे अवघे २ लाख १२ हजार. म्हणजे दोनशेत एक. जिना इतका अरुंद होत जातो, तेव्हा वरच्या पायरीवर कोण पोहोचतो आणि कोण मागे पडतो, हे पाहणे अगत्याचे ठरते. देशातील आयआयटींनी २०१५ ते २०१९ या काळात पीएच.डी.साठी जे प्रवेश दिले, त्यांत अनुसूचित जातींचा वाटा ९.१ टक्के आणि अनुसूचित जमातींचा २.१ टक्के होता. कायद्याने तो अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्के असायला हवा. हे आकडे सरकारनेच दिलेले आहेत. उद्याचे प्राध्यापक, शास्त्रज्ञ, परीक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक याच दोनशेतल्या एकातून निवडले जातात. तिथे जो नाही, तो पुढच्या पन्नास वर्षांच्या ज्ञानव्यवहारात नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की 'दार उघडेच आहे. राखीव जागा आहेत, वृत्त्या आहेत. ते येतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?'

या उत्तराचा मी स्वतः दीर्घकाळ आधार घेतला आहे, म्हणून त्यातला खोटेपणा मला ठाऊक आहे. मी तीस वर्षे पदवीच्या वर्गांना शिकवले. फार वर्षांपूर्वी जव्हारकडची एक वारली मुलगी माझ्या वर्गात होती. आदिवासी वसतिगृहात राहायची, मागच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारला तर मान खाली घालायची. पण तिचे उत्तरपत्रिकेतले लिखाण वाचताना मी थबकत असे. तिच्या आजीला लग्नविधीत गाणी म्हणण्याचा मान होता. ती धवलेरी होती. त्या गाण्यांविषयी या मुलीने एका निबंधात जे दोन पानी लिहिले होते, ते मी अजून विसरलो नाही. मी त्यावर लाल शाईने 'उत्तम' असा शेरा लिहिला. एवढेच केले. पदवी झाल्यावर ती निरोप घ्यायला आली. पुढे काय, असे मी विचारले. 'डी.एड्.चा फॉर्म भरलाय, सर,' ती म्हणाली. मी 'छान' म्हटले.

एम.ए. आणि त्याच्या पुढेही काही असते, तिच्या आजीची गाणी हा विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय असू शकतो, आणि त्यासाठी सरकार दरमहा पैसे देते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. त्याच सुमारास माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा, तिच्याहून पुष्कळ सामान्य बुद्धीचा, पीएच.डी.ला लागला. त्याला कोणी दार दाखवावे लागले नाही; तो त्या घरातच जन्मला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला एका कार्यक्रमात भेटली. सांगत होती, की बाहेरगावचे एक संशोधक पाड्यावर आले होते. आजी तेव्हा हयात होती. त्यांनी सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून नेली, तिनेच त्यांना अर्थ सांगितले, चार दिवस दुभाषी म्हणून सोबत केली. प्रबंधाच्या शेवटी ज्यांनी माहिती पुरवली त्यांच्या यादीत तिचे नाव आले. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती; उलट तिला त्याचा आनंदच होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ज्ञान तिचे, भाषा तिची, आजी तिची, पदवी दुसऱ्याची. आणि त्या यादीत तिला नेऊन बसवणाऱ्यांत मीही एक होतो.

तेव्हा 'दार उघडे आहे' असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, की ते दार कोणत्या बोळात आहे हे तुम्ही कोणाला सांगितलेत? घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला जे माहीत नसते, त्याची यादी करून पाहा. नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्यात वरचे गुण मिळाले तर अधिछात्रवृत्ती मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये आहे. अनुसूचित जातींसाठी आणि जमातींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय वृत्त्या आहेत. मार्गदर्शकाला आधी पत्र लिहायचे असते. संशोधनाचा आराखडा नावाची एक वस्तू असते आणि ती एका ठरावीक पद्धतीने लिहायची असते. यातले काहीही अभ्यासक्रमात नाही. हे घरात, ओळखीपाळखीत, चहाच्या टेबलावर शिकायचे असते. शिवाय नेटची प्रश्नपत्रिका, भाषाविषय सोडले तर, इंग्रजी आणि हिंदीतच असते. पहिलीपासून बी.ए.पर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला तिथे स्वतःची भाषा भेटत नाही. एम.फिल. ही मधली पायरी होती. चाचपडत का होईना, तिच्यावर उभे राहून पुढचा अंदाज घेता येत असे. २०२२ च्या नियमावलीने विद्यापीठ अनुदान आयोगाने तीही काढून टाकली.

आता उंबरठा ओलांडणाऱ्यांचे काय होते ते पाहू. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एक चांगली पद्धत होती. मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या उमेदवारांना प्रवेशपरीक्षेत काही वाढीव गुण मिळत. ज्याच्या तालुक्यात धड ग्रंथालय नाही त्याचे साठ गुण आणि राजधानीतल्या उत्तम शाळेत शिकलेल्याचे पासष्ट गुण यांत खरा पुढे कोण, हा साधा विचार त्यामागे होता. ही पद्धत १९८३ मध्ये बंद पडली, दहा वर्षांनी पुन्हा आली, आणि २०१७ साली संशोधनपदव्यांच्या प्रवेशातून काढली गेली. त्याच विद्यापीठाने नेमलेल्या एका समितीने २०१६ मध्ये लेखी व तोंडी परीक्षेच्या गुणांची तुलना केली. तोंडी परीक्षेत वंचित गटांतील उमेदवारांना सातत्याने कमी गुण पडतात असे तिला आढळले, आणि तोंडी परीक्षेचे गुण तिसांवरून पंधरांवर आणावेत असे तिने सुचवले. झाले काय? २०१७ च्या प्रवेशांत लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती उरली आणि निवड संपूर्णपणे तोंडी परीक्षेवर सोपवली गेली. कागदावर नाव झाकलेले असते; खोलीत आडनाव, उच्चार, कपडे सारे उघडे पडते. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा त्या खोलीतच जन्म घेतो.

येथे गुणवत्तेचे कैवारी उठून उभे राहतात. 'अशाने दर्जा खालावेल,' ते म्हणतात. त्यांच्यासाठी परदेशातले एक उदाहरण देतो, कारण परदेशातले म्हटले की त्यांना पटकन पटते. अमेरिकेत मेरीलँड राज्यात बाल्टिमोर काउंटीचे एक विद्यापीठ आहे. विज्ञानशाखेत येणारे हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थी मध्येच का गळतात, हा प्रश्न तेथील गणितज्ञ फ्रीमन ह्राबोव्स्की यांना पडला. रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्याच्या देणगीतून १९८८ मध्ये तेथे एक योजना सुरू झाली. त्यांनी केले ते असे: विद्यार्थी येण्याची वाट न पाहता ते स्वतः शोधायला निघाले. निवडलेल्यांना वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात एकत्र आणून तयारी करून घेतली. त्यांनी एकेकट्याने नव्हे, गटाने अभ्यास करावा असा आग्रह धरला. पदवीच्या काळातच त्यांना प्रयोगशाळेत खऱ्या संशोधनाला लावले. घरच्यांशी संबंध ठेवला. आणि पहिल्या दिवसापासून सांगितले, की तुम्हांला पीएच.डी. करायची आहे. पुढे ही योजना सर्व वंशांच्या मुलांना खुली झाली. तिच्यातून बाहेर पडलेल्यांत किझमेकिया कॉर्बेट हे एक नाव आहे. कोविडच्या साथीत मॉडर्नाची जी लस जगाने टोचून घेतली, तिच्या मूळ संशोधनात या बाईंचा मोठा वाटा होता. दर्जा खालावला का? की इतकी वर्षे आपण दर्जा दाराबाहेर उभा करून ठेवला होता?

परदेशही कशाला? आपल्याच मातीतले सर्वांत मोठे उदाहरण आपण दर १४ एप्रिलला हार घालून विसरतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची वृत्ती तीन वर्षांसाठी देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तो दिवा लावला गेला म्हणून पुढे या देशाला राज्यघटनेचा मसुदा लिहिणारा माणूस मिळाला. परंतु ही कथा येथे संपत नाही, आणि तिचा उत्तरार्धच आजच्या विषयाला अधिक लागू आहे. वृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथूनही जमावाने हुसकावले. कोलंबियाची पदवी खिशात होती, पण डोक्यावर छप्पर नव्हते. पुढे सिडनॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहूंची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये लंडनला परत जाऊ शकले आणि १९२३ मध्ये डी.एससी. झाले. यातून काय शिकायचे? प्रवेश हा आरंभ असतो. त्यानंतर अखंड पैसा लागतो, राहायला खोली लागते, अडीअडचणीला धावणारा मित्र लागतो. आंबेडकरांना हे तुकड्यातुकड्यांनी मिळाले आणि ते असामान्य होते म्हणून तरले. व्यवस्था असामान्यांवर विसंबून चालत नसते. शाहू महाराजांना हे उमगले होते, म्हणून त्यांनी १९०२ मध्ये राखीव जागांचा जाहीरनामा काढण्याआधीच, १९०१ पासून, कोल्हापुरात वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला होता.

आणि आज? हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने इतर गोष्टींबरोबर हिशेबही लिहिला होता: आपली सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये, येणे आहे, ती घरच्यांना मिळावी. मरणाच्या दारात उभा असलेला मुलगा थकलेल्या वृत्तीची आठवण करून देतो, याहून मोठे आरोपपत्र कोणते? मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी, जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. या दोघांच्या आया विद्यापीठांतील भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात एकत्र उभ्या राहिल्या. ज्यांनी आपल्या लेकरांच्या पदवीदानाला जायचे, त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

२०२३ च्या आरंभी 'बार्टी'च्या अधिछात्रवृत्तीसाठी ८६१ संशोधक विद्यार्थ्यांचा लढा मुंबईच्या आझाद मैदानावर चालला होता. ग्रंथालयात असायला हवी होती ती मुले मैदानात बसली होती. परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय वृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत अशी अट आली, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांविषयीच्या अभ्यासासाठी ती मिळणार नाही. म्हणजे दलित मुलाने परदेशी जाऊन यंत्रांचा अभ्यास करावा, पण जातीचा करू नये! २०२५ च्या जुलैमध्ये याच वृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी चाळिसांनाच पत्रे गेली. इतरांना सांगण्यात आले, की निधी उपलब्ध झाल्यास पाहू. विद्यापीठाचे सत्र निधीसाठी थांबत नसते.

आपल्या समाजाशी निगडित गोष्टही सांगायला हवी. २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती सहा अल्पसंख्य समाजांतील संशोधकांसाठी होती. त्यांत ख्रिस्तीही होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ती बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. कारण दिले, की इतर योजना आहेतच, दुहेरी लाभ होतो. आदिवासी ख्रिस्ती मुलाच्या बाबतीत हे काही अंशी खरे असेल, कारण जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. पण १९५० च्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले गेले. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ज्याला अनुसूचित जातीची वृत्ती मागता येत नाही, त्याला अल्पसंख्याकांचीही आता नाही. त्याचा दुहेरी लाभ कोणता?

सरकारला बोल लावून मी थांबलो तर लेख सोपा होईल आणि आपल्या वाचकांना आवडेलही. पण मग मी माझ्या त्या लाल शाईच्या शेऱ्यापाशीच परत जाईन. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या १५(५) कलमाने या संस्थांना राखीव जागांच्या सक्तीतून वगळले आहे. हा हक्क मोलाचा आहे आणि त्यासाठी आपण न्यायालयात जातो, हेही योग्यच. पण सक्तीतून मिळालेली सूट म्हणजे कर्तव्यातून मिळालेली सूट नव्हे. आपल्या महाविद्यालयांतून गेल्या दहा वर्षांत किती आदिवासी, किती दलित, किती कोळी-आगरी घरांतील मुले एम.ए., एम.एससी.च्या पुढे गेली? ही नोंद कोणी ठेवली आहे का? पहिल्या आलेल्यांची नावे आपण लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत कोरतो. जे हुशार होते आणि मध्येच निघून गेले त्यांचा फलक कुठे आहे?

मी काही मोठे मागत नाही. प्रत्येक पदवी महाविद्यालयाने दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून अशी पाच-दहा मुले हेरावीत आणि त्यांची जबाबदारी एकेका प्राध्यापकावर नावानिशी टाकावी. सुट्टीत त्यांना एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, प्रयोगशाळेत नेऊन बसवावे. नेट-सेटची तयारी मराठीतून समजावून मग इंग्रजीकडे न्यावी. अर्जांचे शुल्क आणि मुलाखतीचे प्रवासभाडे यांसाठी माजी विद्यार्थ्यांनी लहानसा निधी उभारावा. मंजूर झालेली वृत्ती सहा-सहा महिने अडकते तेव्हा बिनव्याजी उसने देणारी आपली पतसंस्था पुढे का येऊ नये? लग्नाच्या मांडवाला कर्ज देतो, मग प्रबंधाला का नाही? मुंबई-पुण्यात ज्यांची घरे मोठी आणि मुले परदेशी आहेत, त्यांनी एक खोली संशोधक विद्यार्थ्याला द्यावी. आणि देताना आडनाव विचारू नये. बडोद्यात १९१७ मध्ये जे घडले ते आपल्या इमारतीत घडत नाही ना, याचा प्रत्येकाने आपापल्या मनाशी जाब घ्यावा.

कोणी म्हणेल, एवढे करून सगळेच काही आंबेडकर होणार नाहीत. नकोतच. काही जण साधे, प्रामाणिक प्राध्यापक होतील. काही मध्येच सोडतील, जशी सुखवस्तू घरांतली मुलेही सोडतात आणि त्यांना कोणी हिशेब विचारत नाही. पण एखादी मुलगी आपल्या आजीच्या गाण्यांवर स्वतःच्या नावाने प्रबंध लिहील, आणि पुढच्या पिढीतल्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीकडे पाहून तिला कळेल, की केवळ 'उत्तम' लिहून भागत नाही.

मंत्रिमहोदयांनी विचारले होते, ही मुले कोणते दिवे लावणार? त्याचे उत्तर ती मुले देतील. आपल्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तेल आपल्या घरात होते, वात आपल्या हाताशी होती, आणि अंधारात बसलेले मूल आपल्याला दिसत होते. तेव्हा आपण काय करत होतो?